नहाणीचे पाणी फ्लशच्या टाकीपर्यंत पोहोचलेच नाही

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या रो-हाऊसच्या पहिल्या मजल्यावरचे बाथरूम गेल्या फेब्रुवारीत आम्ही नव्याने करून घेतले. टाईल्स आणि नळ बदलणे हे निमित्त होते. पाण्याची बचत व्हावी, हा खरा हेतू होता. माझे माहेर सिन्नर तालुक्यातले. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रांगेत हंडे ठेवण्यात माझे लहानपण गेले. गंगापूर धरणाच्या भरवशावर राहणाऱ्या या शहरात येऊन मला ४० वर्षे झाली, तरी पिण्याजोगे पाणी शौचालयात ओतले जाताना आजही जिवाला लागते. माझी हीच ओढ ओळखून एका कंत्राटदाराने आम्हाला १ लाख ४५ हजार रुपयांना फसवले. ते कसे घडले हे मी तपशीलवार लिहीत आहे, कारण असे काम करून घेऊ पाहणारी अनेक कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांतल्या कोणाच्याही वाट्याला हे येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

काम काढण्यापूर्वी मी हिशेब मांडला होता. आमच्या जुन्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी सुमारे १० लिटर पाणी जात असे. घरात ४ माणसे, प्रत्येकाची दिवसातून ५ वेळा म्हटली तरी २०० लिटर पाणी निव्वळ फ्लशमध्ये जाते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजनांत माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरतात. म्हणजे त्यातले ५० लिटर आम्ही असेच वाहून टाकत होतो. ३ आणि ६ लिटरची दोन बटणे असलेली टाकी बसवली, तर प्रत्येकी ४ वेळा छोटे आणि एकदा मोठे बटण धरून हाच खर्च ७२ लिटरवर येतो, आणि तेवढे पाणीही आंघोळीच्या वापरलेल्या पाण्यातून मिळाले, तर फ्लशसाठी चांगले पाणी लागतच नाही.

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरील एका परिचितांनी या कंत्राटदाराचे नाव सुचवले. मनुष्य अत्यंत नम्र होता. पहिल्याच भेटीत म्हणाला, "काकू, तुमच्यासारखा विचार करणारे लोक फार थोडे असतात. तुम्ही पैशाकडे पाहू नका, पाण्याकडे पाहा." त्याने एक प्लास्टिकच्या आवरणातले प्रमाणपत्र दाखवले, ज्यावर हिरवे पान आणि पाण्याचा थेंब यांचे चित्र होते. ते कोणी दिले, कधी दिले, त्याचा क्रमांक काय, यांपैकी काहीही त्यावर नव्हते, हे माझ्या लक्षात काम झाल्यानंतर आले. ३२ वर्षे शाळेत शिकवताना मुलांच्या दाखल्यावरचा शिक्का तपासल्याशिवाय मी सही केली नाही, आणि इथे मात्र मी ते पाहिले नाही, याचे मला दुःख आहे.

ठरलेली यंत्रणा अशी होती. बाथरूममधील नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीवरचे पाणी वाहून जाते त्या जाळीखालचा, पाइप मागच्या भिंतीवरून खाली येईल, मागच्या अंगणातील पेटीत शिरेल, तिथे वाळू आणि खडी यांतून पाणी गाळले जाऊन २०० लिटरच्या ड्रममध्ये साठेल आणि छोटा पंप ते पुन्हा वर फ्लशच्या टाकीत चढवेल. आंघोळीचे पाणी कमी पडल्यास गच्चीवरच्या टाकीतून पूरक पाणी ड्रममध्ये यावे, म्हणून बॉलकॉक (पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप बंद होणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) लावलेली एक साध्या पाण्याची लाइनही जोडली जाईल, असे त्याने सांगितले. ही सोय खऱ्या यंत्रणेतही असते, त्यामुळे मला संशय आला नाही. आणि त्याने सगळा डाव नेमका त्या लाइनवरच रचला होता.

पेटी बसवण्याच्या आठवड्यात त्याने आग्रहाने सांगितले, "काकू, धुळीचा त्रास होईल, ४ दिवस कुठेतरी जाऊन या." आम्ही दोघे पुण्याला बहिणीकडे गेलो. परत आलो तेव्हा पेटी सील झाली होती आणि तिच्यावर "उघडल्यास वॉरंटी रद्द" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. वरून पाइप आत शिरताना दिसत होता, खालून एक पाइप सांडपाण्याच्या चेंबरकडे जाताना दिसत होता, पंपाचा आवाज येत होता. एवढ्यावर समाधान मानून मी उरलेले सर्व पैसे चुकते केले.

दोन महिने गेले. गच्चीवरची टाकी पूर्वीइतक्याच वेळात रिकामी होत होती आणि विजेचे बिल किंचित वाढले होते. शिवाय साबणाचे पाणी कितीही गाळले तरी एक दिवसाहून अधिक साठल्यास त्याला वास येतो, असे मी नंतर वाचले. आमच्या फ्लशच्या पाण्याला मात्र गावाहून ३ दिवसांनी परतल्यावरही कसलाच वास नव्हता. तेव्हा मी कपड्यांना घालायची नीळ एका बादलीत कालवली आणि ती बादली बाथरूमच्या जमिनीवर ओतली. तिच्यामागून आणखी ४ बादल्या पाणी सोडले. यजमान खाली चेंबरचे झाकण उघडून उभे होते. काही क्षणांतच त्यांनी हाक मारली, की सगळे निळे पाणी चेंबरमध्ये येत आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही फ्लशच्या टाकीचे झाकण काढून मी पाहत राहिले. पाणी नितळच होते.

पंचवटीतील आमच्या जुन्या प्लंबरना बोलावून पेटी उघडली. नहाणीचा पाइप पेटीच्या आतून सरळ चेंबरकडे गेला होता, ड्रमला त्याची जोडणीच नव्हती. वाळू आणि खडीचा थर कोरडा ठणठणीत होता. ड्रम भरत होता तो केवळ गच्चीवरच्या पाण्याने, आणि जे पाणी पूर्वी उतारानेच फ्लशच्या टाकीत जात असे, तेच आता खाली आणून विजेच्या पंपाने पुन्हा वर चढवले जात होते. पाण्याचा एक थेंब वाचला नव्हता, वीज मात्र वाया जात होती. मग मी टाकीही तपासली. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद केला, पूर्ण भरलेल्या टाकीच्या पातळीवर खूण केली, छोटे बटण दाबले आणि मापाच्या भांड्याने खुणेपर्यंत पाणी ओतले. साडेआठ लिटर लागले. मोठ्या बटणालाही तेवढेच. बटणे दोन असली, तरी आतली झडप एकाच प्रमाणात उघडत होती.

फोन केला तेव्हा त्याचा सूर बदलला होता. "कोटेशनमध्ये पाहा, मॅडम," असे तो म्हणाला. काकू हा शब्द संपला होता. कोटेशनमध्ये "इको-फ्रेंडली पाणीबचत यंत्रणा, १ नग" एवढेच लिहिलेले होते. आंघोळीचे पाणी फ्लशला वापरले जाईल हे वाक्य त्याने दहा वेळा तोंडी उच्चारले होते, कागदावर एकदाही उतरवले नव्हते. जीएसटीचे बिलही त्याने दिलेले नव्हते. त्यामुळे माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे, की "हरित", "पर्यावरणपूरक" असल्या शब्दांना कागदावर जागा देऊ नका. कोणते पाणी कुठून निघून कुठे जाईल आणि एका फ्लशला किती लिटर लागतील, हे साध्या मराठीत लिहून घ्या. पेटी बंद होण्यापूर्वी, भिंत बुजवण्यापूर्वी स्वतः उभे राहून रंगीत पाणी सोडून पाहा आणि शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतरच द्या. नळ किंवा टाकीवर आयएसआय चिन्ह असेल, तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून पाहता येतो. त्याला दोन मिनिटे पुरतात.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत आणि असा दावा करणाऱ्याकडे त्याचा आधार असला पाहिजे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे, ही माहिती मला तेव्हा मिळाली. कंत्राटदाराने उत्तर न दिल्यामुळे आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. घटनेपासून २ वर्षांच्या आत ती करावी लागते. पेटी उघडतानाचा व्हिडिओ, यूपीआयने दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि प्लंबरचे लेखी निवेदन मी जोडले आहे.

जुन्या प्लंबरनी खरोखर ३ आणि ६ लिटरची टाकी बसवून दिली आणि मापाच्या भांड्याने माझ्यासमोर मोजून दाखवली. पंप आणि ड्रम काढून टाकले. नहाणीचा पाइप त्यांनी चेंबरच्या आधी वळवून, खडीने भरलेल्या खड्ड्यातून कर्दळ आणि केळीच्या आळ्यात सोडला. या सगळ्याला ६ हजार रुपयेही लागले नाहीत. काम संपल्यावर त्यांनी स्वतःहून नीळ मागितली. बादली ओतून आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो, तेव्हा कर्दळीच्या बुंध्याशी माती निळसर ओली होत चालली होती.