डाउन की सिंथेटिक? बर्फातल्या ट्रेकची स्लीपिंग बॅग

हिवाळी ट्रेकच्या सॅकचं वजन कमी करायचं तर आधी स्लीपिंग बॅग बघावी. तेवढ्याच उबेची डाउनची (बदक-हंसाच्या मऊ पिसांची) बॅग सिंथेटिकपेक्षा (कृत्रिम धाग्यांच्या भरणाच्या बॅगेपेक्षा) हलकी असते आणि दाबली की जागाही बरीच कमी घेते. मग सॅकही लहान चालते, म्हणजे वजन दोनदा वाचतं. डाउनचा फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण 28 ग्रॅम, पिसं किती घनइंच फुलतात तो आकडा. म्हणून 800 वाल्या बॅगेला 600 वालीएवढ्या उबेसाठी कमी पिसं पुरतात.

खरी अडचण ओलाव्याची. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. सिंथेटिक ओली झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते, वाळतेही लवकर. पाऊस नसला म्हणून निर्धास्त राहू नका. कडाक्याच्या थंडीत अंगातली वाफ बॅगेच्या बाहेरच्या थराशी पोचून तिथेच गोठते. ऊन मिळालं नाही, तर हा ओलावा रोज साठत जातो.

माझं मत विचाराल तर दोन-तीन रात्रींच्या कोरड्या थंडीला डाउनच. पारा शून्याच्या आसपास आणि बर्फ ओला असेल तर सिंथेटिक, वजन सोसून. मुक्काम लांबणार असेल तेव्हा डाउनवर पातळ सिंथेटिक क्विल्ट घ्या. अंगातली वाफ बहुतेक तिच्यातच अडकते.

मॅटच्या वजनात मात्र काटकसर नको. अंगाखाली दबलेलं भरण, दोन्हींपैकी कुठलंही, फारशी ऊब देत नाही. बर्फावर मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, 5 किंवा जास्तच हवी.