चोरीनंतर लावलेली कुलपं: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी एका रात्री घाईत, सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवरून क्रिप्टो एक्स्चेंज उघडलं. पान हुबेहूब तसंच, पत्त्यात फक्त एक अक्षर जास्त. पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि गोल फिरत राहिलं. तेवढ्यात चोराने तोच ओटीपी खऱ्या साइटवर वापरून खातं रिकामं केलं. चार वर्षांची बचत होती ती. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे जाऊन आलो. पण बँकेतली रक्कम गोठवता येते, ब्लॉकचेनवरून गेलेलं नाणं मागे ओढता येत नाही.

आधी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावलं, सगळे तेच सांगतात म्हणून. सिमच्या चोरीवर ते चांगलंच आहे. पण मी फसलो त्यावर तो उपाय नव्हेच! तीस सेकंदांचा सहा आकडी कोडही मी त्या खोट्या पानावर तसाच टाकला असता. हे उमगायला मला दोन महिने लागले.

खरा फरक पडला पासकीने, म्हणजे पासवर्ड-ओटीपीऐवजी फोनमध्येच राहणाऱ्या डिजिटल किल्लीने. ती खऱ्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, खोट्या पानावर चालतच नाही. शिवाय एक्स्चेंजवरून नाणी कोणत्या वॉलेट-पत्त्यांवर पाठवता येतील, त्याची यादी ठरवून टाकली. नवा पत्ता जोडला की माझ्या एक्स्चेंजवर त्यावर २४ तास काहीच पाठवता येत नाही. हार्डवेअर वॉलेट (नाण्यांची गुप्त किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण) आणलं त्या दिवशी याचा वैताग आला होता. पण चोरीच्या रात्री हे कुलूप असतं, तर नवा पत्ता जोडल्याचा मेल बघून खातं बंद करायला सकाळपर्यंत वेळ मिळाला असता.

वॉलेट घेतलं कारण जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची. तिथे ग्राहकाचा पासवर्ड कितीही भक्कम असून काय उपयोग? बँकठेवींसारखा पाच लाखांचा विमाही इथे नाही. आता विकायची तेवढीच नाणी एक्स्चेंजवर ठेवतो. वॉलेटचा पडदा इवलासा, चष्मा लावावा लागतो, तरी पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघतो; पहिली-शेवटची चार अक्षरं जुळणारे खोटे पत्ते व्यवहारांच्या यादीत घुसवले जातात. वॉलेट हरवलं तर नाणी परत मिळवून देणारे चोवीस शब्द कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेत, बायकोला ठाऊक आहे.

तक्रार एकच. पासकी लावली तरी हे एक्स्चेंज 'दुसऱ्या पद्धतीने लॉगिन' म्हणून एसएमएसचा ओटीपी चालू ठेवतं. तो बंद करू द्या म्हणून दोनदा लिहिलंय, अजून उत्तर नाही.