एमटीबीवाल्यांचा 'खास' अपघात विमा: पैसे देण्याआधी हे वाचा

टेकडीवर, घाटात, कच्च्या वाटांवर एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं, कारण अपघात झाला की कागदपत्रांची धावपळ घरच्यांनाच करावी लागते. पुण्यात आमच्या ओळखीच्या दोन-तीन राइड ग्रुपमध्ये "फक्त एमटीबीवाल्यांसाठी" असं सांगून एक वेगळा अपघात विमा विकला गेला. मेडिक्लेम असला तरी त्याच्या वर हा घ्यायचा, मेडिक्लेम जिथे हात वर करेल तिथून पुढचं हा देईल, असं सांगण्यात आलं. माझ्या धाकट्या भावाने तो घेतला. अपघातानंतर त्यातून एक रुपयाही आला नाही. का आला नाही ते शोधताना जे कळलं, ते हातात तसलं कार्ड असलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचायला हवं.

विकणारा माणूस स्वतः सायकलवाला. रविवारी पहाटे सगळ्यांबरोबर टेकडीवर यायचा, कुणाची चेन तुटली तर थांबून जोडून द्यायचा, नवख्यांना उतारावर मागे बसून ब्रेक कसे दाबायचे ते शिकवायचा. अशा माणसावर कोण अविश्वास दाखवेल? आमच्या घरीही तो चहाला येऊन गेला होता. तेव्हा मी त्याला विचारलं होतं की ऑफिसचा मेडिक्लेम आहे, मग हे वेगळं कशाला? त्याचं उत्तर मला शब्दशः आठवतं: "मॅडम, मेडिक्लेमवाले टेकडीवर पडलेल्याला उभं करत नाहीत. ॲडव्हेंचर स्पोर्ट म्हणतात आणि फाईल बंद करतात."

त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला होता, आणि ते वाक्य खोटं होतं.

खरी गोष्ट अशी आहे. मेडिक्लेममध्ये काय वगळायचं, याची भाषा विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात साहसी खेळांचं कलम आहे, त्याचा सांकेतिक क्रमांक एक्स्क्ल ०९. पॅरा जंपिंग, रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटारींच्या आणि घोड्यांच्या शर्यती, स्कूबा डायव्हिंग अशी त्यात उदाहरणं दिली आहेत आणि यादी तेवढ्यावर संपत नाही असंही म्हटलं आहे. पण कलमाची अट स्पष्ट आहे: त्या खेळात माणूस व्यावसायिक म्हणून उतरला असेल तरच खर्च नाकारायचा. माझा भाऊ आठवडाभर ऑफिसात बसतो आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने सायकल घेऊन वेताळ टेकडीवर जातो. तो कुठल्याच अर्थाने व्यावसायिक नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी पोरांनी पैसे दिले, ती भीती हौशी सायकलवाल्याला मेडिक्लेमपुरती लागूच नव्हती.

आणि यातली दुसरी बाजू आणखी वाईट आहे. कलमांची ही एकसारखी भाषा वैयक्तिक अपघात विम्याला लागू होत नाही. तिथे प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत अपवाद लिहिते. काही ठिकाणी "व्यावसायिक" हा शब्द असतो, काही ठिकाणी नसतो. तो नसेल तर हौशी माणूसही सरसकट बाहेर पडतो. आम्हाला विकलेल्या विम्यात तो नव्हता. "साहसी खेळ, कोणत्याही प्रकारची शर्यत आणि त्यांचा सराव" अशी सरळ ओळ होती. मेडिक्लेममध्ये नसलेल्या खड्ड्याची भीती घालून, तो खड्डा ज्यात खरोखर आहे असा विमा या माणसाने विकला.

त्याने सांगितलेली आकडेवारी ऐकायला फार गोड होती. अपघाती मृत्यूला दहा लाख, हॉस्पिटलच्या खर्चाला एक लाख, घरी पडून राहावं लागलं तर आठवड्याला पाच हजार. वर्षाचे दोन हजार रुपये, त्यावर जीएसटी, मिळून २,३६०. पैसे यूपीआयने त्याच्या स्वतःच्या खात्यावर. जीएसटी घेतला, पण पावती दिली नाही. आठवड्याभरात प्लास्टिकचं चकचकीत कार्ड घरपोच आलं. त्यावर सायकलचं चित्र, एका खऱ्या विमा कंपनीचं नाव, भावाचं नाव आणि एक क्रमांक. पॉलिसी कुठे आहे असं मी विचारलं तेव्हा "ग्रुप पॉलिसी आहे, कार्ड हेच सर्टिफिकेट" असं उत्तर मिळालं.

पावसाळा संपता संपता भाऊ वेताळ टेकडीवरून पंचवटीच्या बाजूने उतरत होता. मुरमावरून पुढचं चाक घसरलं आणि तो खांद्यावर आपटला. कॉलर बोनचे तुकडे झाले, प्लेट बसवावी लागली. हॉस्पिटलचं बिल २ लाख १४ हजार झालं. ऑफिसच्या मेडिक्लेमने १ लाख ३८ हजार दिले, आणि तेही साहसी खेळाचा एक शब्द न काढता. त्याच मेडिक्लेमने, ज्याच्याबद्दल "फाईल बंद करतात" असं आम्हाला सांगितलं होतं! उरलेले ७६ हजार खोलीच्या भाड्याची मर्यादा, त्यामुळे बाकीच्या खर्चात झालेली कपात आणि हातमोजे-सिरिंजसारख्या, ज्यांचे पैसे मेडिक्लेममधून मिळत नाहीत अशा वस्तू यांत गेले. त्यानंतरची फिजिओथेरपी वेगळी. अशाच खर्चासाठी तर वरचा विमा घेतला होता.

मी दाव्याची फाईल तयार केली. डिस्चार्ज समरी, एक्स-रे, मूळ बिलं, इम्प्लांटचं स्टिकर, मेडिक्लेमने किती दिले त्याचं पत्र. कंपनीने पोलिसांकडची नोंद किंवा हॉस्पिटलची एमएलसी, म्हणजे अपघाताच्या केसची हॉस्पिटलने केलेली मेडिको-लीगल नोंद, मागितली. टेकडीवर एकटा घसरून पडलेला माणूस एफआयआर कुठून आणणार? सुदैवाने कॅज्युअल्टीत एमएलसी झाली होती. पण त्याच केसपेपरवर ड्युटी डॉक्टरांनी "रेसच्या सरावात सायकलवरून पडला" असं लिहिलं होतं. भाऊ वेदनेने बोलू शकत नव्हता, बरोबरच्या मित्राने सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. कुठलीही रेस नव्हती, सराव नव्हता. पुढे कंपनीच्या पत्रात तेच वाक्य जसंच्या तसं आलं. म्हणून हे आवर्जून सांगते: जखमी माणसाबरोबर जो हॉस्पिटलात जाईल त्याने जे घडलं तेवढंच सांगावं, आणि केसपेपरवर काय उतरलं आहे ते तिथेच वाचून पाहावं. चुकीचं असेल तर त्याच वेळी डॉक्टरांना दुरुस्त करायला सांगावं. डिस्चार्जनंतर ते फार कठीण जातं.

दावा नाकारल्याच्या पत्रात दोन कारणं होती. एक, साहसी खेळाचा आणि शर्यतीचा अपवाद. दुसरं वाचून मी खुर्चीतच बसून राहिले: "या प्रमाणपत्राखाली वैद्यकीय खर्चाचा लाभ समाविष्ट नाही." साप्ताहिक भरपाईही नव्हती. मी कंपनीच्या शाखेत गेले आणि मूळ पॉलिसीच्या अटी मागितल्या. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं दाखवलं, त्यांची मी ऋणी आहे. ही एका संघटनेच्या नावावर काढलेली ग्रुप पॉलिसी होती. त्या संघटनेचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं आणि माझा भाऊ तिचा सभासद म्हणून नोंदला गेला होता. लाभ फक्त दोन: अपघाती मृत्यू आणि कायमचं संपूर्ण अपंगत्व. भावाच्या नावे कंपनीकडे जमा झालेला हप्ता करासह १७७ रुपये.

२,३६० घेतले आणि १७७ भरले. बाकीचे पैसे कुठे गेले, असं त्या माणसाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "ती मेंबरशिप आणि सर्व्हिस फी होती, ताई." तोपर्यंत मी मॅडम होते.

केवळ विमा मिळवण्यासाठी म्हणून गट तयार करायचा आणि त्यावर ग्रुप पॉलिसी काढायची, याला नियामकाची परवानगी नाही. गटाला विम्याशिवाय दुसरं खरं कारण असावं लागतं. आमच्या कार्डामागच्या संघटनेने कधी एक राइड काढलेली नाही, एक सभा घेतलेली नाही. आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी अशी होती: "पहिल्या पन्नास जणांना माझ्या कमिशनमधून सूट" असा त्याचा मेसेज ग्रुपवर आला होता. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट द्यायला मनाई आहे. अशी सूट कुणी पुढे केली की विकणाऱ्याला कायदा माहीत नाही किंवा त्याची पर्वा नाही, हे समजावं.

आता अपघात विम्याबद्दल, कारण हा विमा वाईट नाही. उलट सायकलवाल्याला तो हवाच. मेडिक्लेम साधारणपणे दाखल झाल्यावरचा खर्च देतो. मनगट मोडून प्लास्टर घातलं आणि घरी पाठवलं, तर त्यातून बहुतेक वेळा काही मिळत नाही, आणि दोन महिने हात चालत नसल्याची भरपाई तर मेडिक्लेम देतच नाही. तिथे अपघात विमा उपयोगी पडतो, पण तो लाभ पॉलिसीत लिहिलेला असेल तरच. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांकडे 'सरल सुरक्षा बीमा' नावाची एकाच साच्याची पॉलिसी मिळते, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. मूळ पॉलिसीत मृत्यू, कायमचं संपूर्ण आणि कायमचं अंशतः अपंगत्व एवढंच असतं. हॉस्पिटलचा खर्च आणि तात्पुरत्या अपंगत्वाची साप्ताहिक भरपाई वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. हॉस्पिटलचा लाभ विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत आणि साप्ताहिक भरपाई ०.२ टक्के, म्हणजे दहा लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला दोन हजार. कुणी याच्या कितीतरी पट सांगू लागला की कागद मागायचा. साहसी खेळाचं कलम इथेही स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनाही बऱ्याच पोरांना पुरेशी वाटते. तिच्यात मृत्यूला आणि संपूर्ण अपंगत्वाला दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख मिळतात. ती जरूर ठेवावी, पण तिच्यात हॉस्पिटलचा एक पैसा नाही. मोडलेल्या कॉलर बोनला तिचा उपयोग नाही.

पैसे देण्याआधी मी आता प्रत्येकाला एवढंच मागायला सांगते: पॉलिसीच्या पूर्ण अटी आणि ग्राहक माहिती पत्रक, म्हणजे पॉलिसीतल्या मुख्य गोष्टींचा थोडक्यात कागद. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्यात हे पत्रक नव्या सोप्या नमुन्यात द्यावं लागतं आणि मागितलं तर स्थानिक भाषेतही. मराठीत मागा, लाजू नका. पॉलिसीवर यूआयएन, म्हणजे त्या विमा योजनेचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो, तो आयआरडीएआयच्या संकेतस्थळावर जुळवून पाहा. पैसे फक्त कंपनीच्या नावावर भरा. कंपनीला हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, हे विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमात आहे. त्यामुळे मधल्या माणसाच्या खात्यात पडून असलेले पैसे तुम्हाला कसलंच संरक्षण देत नाहीत. मनालीहून लेहला किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी तर एक प्रश्न जास्तीचा विचारावा: उंचीवरून खाली आणण्याचा खर्च आहे का? उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरचं उत्तर दाव्याच्या वेळी कुठे सापडत नाही.

आमचं पुढे काय झालं ते थोडक्यात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आधी लिहिलं. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही नोंद केली, त्यांचा फोन १५५२५५. कंपनीचं उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पण वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात आणि पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. आम्ही तिथे अर्ज केला आहे. जो लाभ पॉलिसीतच नाही तो मिळण्याची मला फारशी आशा नाही. माझी तक्रार प्रमाणपत्र कुणी, काय सांगून, कुठल्या गटाच्या नावाने विकलं याबद्दल आहे, आणि ती मी सोडणार नाही. पोलिसांकडे त्या माणसाविरुद्ध ग्रुपमधल्या काही जणांनी मिळून अर्ज दिला. त्यानंतर दोघांना त्याने पैसे परत केले, "विषय वाढवू नका" म्हणत.

तो माणूस आता आमच्या ग्रुपमध्ये नाही. दुसऱ्या ग्रुपमध्ये नव्या रंगाचं कार्ड विकतो आहे असं कानावर आलं. तुमच्याकडे सायकलचं चित्र असलेलं असं कार्ड असेल, तर अपघाताची वाट न बघता त्यावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या शाखेत जा, प्रमाणपत्राचा क्रमांक द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा: मास्टर पॉलिसी, म्हणजे गटाची मूळ पॉलिसी, कुणाच्या नावावर आहे, लाभ कोणते आहेत, आणि तुमच्या नावे किती हप्ता जमा आहे. यूपीआयचा व्यवहार आणि त्याचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या अर्जाला तेच सगळ्यात जास्त कामी आले आहेत.