घरात दोन संगणक: एकावर विकतचा अँटिव्हायरस, दुसऱ्यावर डिफेंडर

मी घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. माझ्या कामाच्या संगणकावर विंडोज ११ आहे आणि गेल्या दिवाळीपासून त्यावर एका नावाजलेल्या कंपनीचा विकतचा अँटिव्हायरस आहे. हॉलमधला जुना डेस्कटॉप मुलं आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, वापरतात. त्यावर विंडोज १० आणि त्याच्याबरोबर फुकट येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. घर एक, वायफाय एक, आणि बऱ्याचदा पेनड्राइव्हही तेच. त्यामुळे दोन्हींची तुलना आपोआपच होत गेली.

विकतच्या पॅकेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या तक्रारी सांगणार आहे त्या थोड्याफार फरकाने या जातीच्या सगळ्याच पॅकेजेसना लागू पडतात, उगाच एकाला बदनाम करण्यात अर्थ नाही.

घेतलं कशामुळे, ते आधी सांगते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच आठवड्यात शाई आणायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोज दहा संपलं, आता तरी पेड टाका, दोन्ही मशीनवर." हॉलमधल्या मशीनसाठी हा सल्ला चुकीचा होता आणि मी तो घेतला नाही. विंडोजमध्येच एखादी फट सापडली तर ती बुजवायचं काम मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचं. अँटिव्हायरस कितीही महागाचा घ्या, तो ती फट बुजवत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा त्या फटीवरचं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं त्यांच्या फाइली गेल्या. म्हणून हॉलमधल्या मशीनला मी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव अपडेट योजनेत घातलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की घरगुती वापराला ती फुकट मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज १० वरच्या डिफेंडरला व्हायरसच्या नव्या व्याख्या, म्हणजे तो ओळखायच्या खुणांच्या याद्या, तर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत. त्या मशीनवर वेगळा खर्च करायचं कारणच उरलं नाही.

माझ्या मशीनची गोष्ट वेगळी होती, आणि ती पेनड्राइव्हमुळे. माझ्याकडे येणारं निम्मं काम अजून पेनड्राइव्हवर येतं. शाळेचे सर येतात, त्यांचा पेनड्राइव्ह आधी झेरॉक्सवाल्याकडे, मग शाळेच्या ऑफिसात, मग सायबर कॅफेत फिरून आलेला असतो. लावला की आत फक्त एक शॉर्टकट दिसतो, त्याच पेनड्राइव्हच्या नावाचा. फाइली कुठेच नाहीत. हा तो जुना शॉर्टकट व्हायरस, आमच्याकडे अजून जिवंत आहे. तो फाइली पुसत नाही, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये सरकवतो. आपण सवयीने शॉर्टकटवर डबल क्लिक करतो, त्यातून फाइली दिसतात, पण मागच्या मागे व्हायरस संगणकात शिरलेला असतो.

इथे विकतच्या पॅकेजचा खरा उपयोग झाला. पेनड्राइव्ह खोचला की कोपऱ्यात खिडकी येते, स्कॅन करू का विचारते, आणि मी काही उघडायच्या आत तो शॉर्टकट उडवलेला असतो. डिफेंडरही याला पकडतो. हॉलमधल्या मशीनवर मी तेच पेनड्राइव्ह लावून पाहिले आहेत. फरक इतकाच की डिफेंडर स्वतःहून विचारत नाही. फाइल उघडायला गेलं की तो अडवतो, नाहीतर ड्राइव्हवर राइट क्लिक करून आपण स्कॅन करायला सांगायचं. घाईच्या दिवसात, दारात गिऱ्हाईक उभं असताना, राइट क्लिक कोण करतंय? तेवढ्यासाठी मला ती खिडकी आवडली.

एक सूचना मात्र. अँटिव्हायरसने शॉर्टकट उडवला की पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आणि समोरचा माणूस पांढरा पडतो. "ताई, बारावीचे पेपर होते हो त्यात!" पेपर तिथेच असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दाखवा ही खूण करायची आणि त्याच यादीत खाली, सिस्टीमच्या संरक्षित फाइली लपवा, ही खूण काढायची. पहिली केली आणि दुसरी विसरली तर काही दिसत नाही. बरेच जण इथेच हात टेकतात आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळे होतात.

विकतच्याचा दुसरा फायदा मला लाइट जाण्यामुळे कळला. आमच्याकडे लाइट गेली की राउटर बंद पडतो, पण संगणक यूपीएसवर चालू राहतो. डिफेंडरची बरीचशी ताकद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारण्यात आहे. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज ही संस्था चाचण्या घेते, त्यांच्या निकालांत इंटरनेट जोडलेलं असताना डिफेंडर बड्या नावांच्या जवळपास असतो, इंटरनेट तोडलं की बराच खाली येतो. ज्याच्या घरी नेट कायम चालू आहे आणि बाहेरचे पेनड्राइव्ह येत नाहीत, त्याने हा मुद्दा सोडून द्यावा.

बाकी पकडण्याच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, दोन्हींत मला फरक दिसला नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. डिफेंडरला गेली काही वर्षं तिथे बहुतेक वेळा पूर्ण किंवा त्याच्या अगदी जवळचे गुण मिळतात. "फुकटचा आहे म्हणजे हलका असणार" हा समज विंडोज ७ च्या काळातला आहे. तेव्हाचा डिफेंडर फक्त स्पायवेअर बघायचा. पूर्ण अँटिव्हायरस तो विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून झाला. दुकानदार मंडळी अजून त्या जुन्या डिफेंडरबद्दलच बोलतात.

आता त्रास. विकतच्या पॅकेजचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे ते गप्प बसत नाही. पैसे भरलेत, तरी रोज काहीतरी विकायला येतं. आज व्हीपीएन, उद्या ड्रायव्हर अपडेटर, परवा "तुमच्या संगणकात इतक्या नको असलेल्या फाइली सापडल्या." त्या नको असलेल्या फाइली म्हणजे ब्राउझरची कॅशे, साइट पटकन उघडाव्यात म्हणून त्याने साठवलेल्या फाइली. ती पुसली की दुसऱ्या दिवशी सगळ्या साइट हळू उघडतात, एवढाच लाभ. कोरलमध्ये मोठी पत्रिका उघडलेली, गिऱ्हाईक बाजूला खुर्ची टाकून बसलेलं, आणि मधेच लाल अक्षरात "तुमची गोपनीयता धोक्यात!" गिऱ्हाइकाला वाटतं माझ्याच संगणकात काहीतरी घोळ आहे. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी जाहिरातींच्या सूचना बंद करायचं बटण आहे. ते बंद केल्यावर निम्मा त्रास गेला.

दुसरं, त्याने माझं एक कामाचं हत्यारच उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागेत, टाकलं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, या धंद्यातल्या बहुतेकांकडे असं काही ना काही असतंच. कुणा एकट्या माणसाने बनवलेलं, डिजिटल सही नसलेलं. अशा फाइलींवर सगळेच अँटिव्हायरस संशय घेतात, डिफेंडरही घेतो. पण डिफेंडरमध्ये "या फाइलला परवानगी द्या" हे दोन क्लिकमध्ये झालं. विकतच्यात फाइल परत आणली, अपवादाच्या यादीत घातली, तरी पुढच्या अपडेटनंतर पुन्हा गायब. शेवटी सपोर्टला फोन केला. तिथल्या मुलाने मराठीत, न कंटाळता, दूरून संगणक हातात घेऊन ते फोल्डरच यादीत घालून दिलं. हे मात्र पैशात मिळालेलं सुख आहे. डिफेंडरच्या मागे फोन उचलणारं कुणी नाही.

वेगाचं म्हणाल तर माझ्या मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आहे, तिथे काही जाणवत नाही. हॉलमधल्या मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क होती तेव्हा डिफेंडरचं पूर्ण स्कॅन सुरू झालं की अण्णांचा पेपर उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा. एसएसडी बसवल्यावर तो विषय संपला. ज्यांना "अँटिव्हायरसमुळे संगणक स्लो झालाय" असं वाटतं, त्यांनी आधी हार्ड डिस्क बघावी.

डिफेंडरमध्ये एक गोष्ट मात्र स्वतः चालू करावी लागते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून फोल्डर वाचवणारं एक सेटिंग त्यात आहे, कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाचं, आणि ते मुळात बंदच येतं. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरसच्या भागात सगळ्यात खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन आहे, तिथे सापडेल. चालू केलं की पहिला आठवडा डोकं खातं. मुलाचा एक गेम डॉक्युमेंट्समध्ये काही साठवू शकेना, आणि चूक दाखवताना "फाइल सापडत नाही" असलं भलतंच दाखवू लागला. त्या गेमला परवानगीच्या यादीत घातलं, मग शांत. ज्यांच्या संगणकावर फोटो आणि हिशेब आहेत त्यांनी एवढा आठवडा सोसावा.

रॅन्समवेअर घरात येतं कुठून, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. कोरल, फोटोशॉपचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायची चोरटी फाइल. सोबतच्या नोटपॅड फाइलमध्ये पहिलीच ओळ असते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." स्टॉप किंवा डेजाव्हू नावाचं रॅन्समवेअर याच वाटेने घराघरांत पसरलं. आपण स्वतःच्या हाताने बंद केलेला अँटिव्हायरस फुकटचा होता की तीन वर्षांच्या पॅकचा, याने काय फरक पडतो!

आणि अण्णांचं प्रकरण. एक दिवस हाक आली, "अगं, बघ इकडे, कॉम्प्युटरला पाच व्हायरस लागलेत, आजच पैसे भरा म्हणतोय." स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एका परदेशी अँटिव्हायरसचा लोगो, खाली तुमचं सदस्यत्व संपलंय वगैरे. तो अँटिव्हायरस आमच्या घरात कधी नव्हताच. एका भजनांच्या साइटवर अण्णांनी "अलाउ" दाबलं होतं आणि तिथून हे क्रोमचं नोटिफिकेशन येत होतं. संगणकात व्हायरस शून्य. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी मिळालेल्या साइटींची यादी. ती काढून टाकली, प्रश्न मिटला. डिफेंडरने यात काही केलं नाही. सारखंच नोटिफिकेशन मी माझ्या मशीनवर मुद्दाम चालू करून पाहिलं, विकतच्यानेही काही केलं नाही. खिडकीतल्या लिंकवर अण्णांनी कार्डाचा नंबर टाकला असता तर दोघेही बघत बसले असते. "बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका" म्हणून येणारे फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणाऱ्या, फाइली, यांचाही घरच्या संगणकावरच्या अँटिव्हायरसशी संबंध नाही. अण्णांच्या मोबाइलच्या कव्हरवर मी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर चिकटवून ठेवलाय.

डिफेंडर सोडून दुसरे फुकटचे अँटिव्हायरस टाकावेत का, हे मला हमखास विचारलं जातं. माझं उत्तर नाही. अव्हास्टने आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या स्वतःच्याच कंपनीमार्फत विकली, ती कंपनी २०२० मध्ये बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. एव्हीजी, अविरा, नॉर्टन आणि अव्हास्ट ही आज एकाच जेन डिजिटलची दुकानं आहेत. नाव बदलून फार काही वेगळं हाती लागत नाही, जाहिराती मात्र भरपूर. आणि दोन अँटिव्हायरस एकत्र तर अजिबात नकोत. दुसरा टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, आणि तो काढला की पुन्हा चालू होतो. फक्त काढताना नुसतं अनइन्स्टॉल करू नका, बहुतेक कंपन्यांचं स्वतःचं काढून टाकायचं टूल असतं, ते चालवा. नाहीतर उरलेसुरले तुकडे डिफेंडरला उठू देत नाहीत.

रिन्यूअल जवळ आलंय आणि स्क्रीनवर रोज आठवण येतेय. त्या खिडकीतली किंमत दुकानातल्या नव्या लायसन्स कीपेक्षा जास्त आहे, ऑनलाइन नवी की त्याहून स्वस्त. कार्ड जोडून आपोआप पैसे कापायचा पर्याय मी पहिल्याच दिवशी बंद केला होता. माझ्या मशीनवर पेनड्राइव्ह येत आहेत तोवर पॅकेज ठेवणार, पण "टोटल" नाही, सगळ्यात साधं, एक मशीन एक वर्ष. फरकाच्या पैशात थोडी भर घालून दुसरी बाहेरची हार्ड डिस्क घेतेय, शनिवारी बॅकअप घेऊन काढून कपाटात ठेवायची. हॉलमधल्या मशीनची वाढीव अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि त्यावर विंडोज ११ चालणार नाही, प्रोसेसर जुना आहे. मुलगा त्यावर लिनक्स टाकून बघतो म्हणतोय. अण्णांना भजनं लागली की बाकी कशाशी देणंघेणं नाही.