विहिरीतलं बेंझिन काढायला: हवेचा मनोरा की कोळसा?

पेट्रोलची जमिनीखालची टाकी गळली की आसपासच्या विहिरींत बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं कर्करोग घडवणारं रसायन, उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. वास येईपर्यंत ती कैकपट ओलांडलेली असते. पाण्यावर पेट्रोलचा तवंग असेल तर आधी तो उपसा, नाहीतर दोन्ही उपाय वाया जातात.

मनोऱ्यात पाणी वरून प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर पडतं आणि खालून ब्लोअर हवा सोडतो, साधारण एक घनमीटर पाण्याला 30 ते 100 घनमीटर. खर्च मुख्यतः विजेचा. पण पाण्यात लोह असलं की तांबूस गाळ फटी बुजवतो. शिवाय बेंझिन नष्ट होत नाही, नुसतं हवेत जातं. वस्तीत असा मनोरा हवा बाहेर पडते त्या तोंडावर फिल्टर न लावता चालवणं म्हणजे शेजाऱ्यांवर अन्याय.

कोळसा म्हणजे चुलीतला नव्हे, बेंझिन शोषून धरणारा सक्रिय कोळसा. त्याच्या टाकीत पाणी किमान 10 मिनिटं राहायला हवं. टाक्या दोन, एकामागे एक, मध्ये नमुन्याचा नळ. तपासणीसाठी त्या नळातून 40 मिलीची काचेची कुपी काठोकाठ भरा. उलटी केल्यावर बुडबुडा दिसला तर नमुना बाद. मधल्या नळात बेंझिन सापडलं की पहिल्या टाकीतला कोळसा बदला.

एका घराला कोळसाच बरा. गावाच्या योजनेला आधी मनोरा, मागे कोळसा.