पायथनचं स्ट्रक्ट मॉड्यूल: आठ महिने सुखात, मग ३ बाइटनी रडवलं

आठ महिने रोज वापरतोय. सीच्या प्रोग्रॅमने लिहिलेली बायनरी फाइल पायथनमध्ये वाचायची, एवढंच काम, आणि मागच्या आठवड्यापर्यंत कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून वापरा म्हणालो असतो. पॅक म्हणजे आकड्यांचे बाइट करणं, अनपॅक म्हणजे बाइटमधून परत आकडे काढणं, आणि कुठला प्रकार कुठल्या क्रमाने आहे ते फॉरमॅट नावाच्या अक्षरांच्या ओळीत सांगायचं, याहून जास्त लिहीत बसत नाही.

झालं असं की सीच्या स्ट्रक्टमध्ये (म्हणजे एका रेकॉर्डच्या साच्यात) एक डबल (दशांश संख्या) आणि दोन इंट (पूर्णांक) होते, ८ + ४ + ४, सरळ १६ बाइट. आमच्यातल्या एकाला काटकसर सुचली. शेवटच्या इंटमध्ये ० नाहीतर १ एवढंच असतं, कशाला ४ बाइट घालवायचे, म्हणून त्याने त्याचा कॅर (१ बाइटचा प्रकार) केला. मीपण फॉरमॅटमधलं शेवटचं अक्षर बदललं आणि मोकळा झालो. बघतो तर पहिला रेकॉर्ड एकदम बरोबर, दुसऱ्यापासून नुसता कचरा. आणि एरर? नाही! इटर-अनपॅक (एकामागून एक रेकॉर्ड काढून देणारं फंक्शन) खरंतर फाइलच्या साइजला रेकॉर्डच्या साइजने पूर्ण भाग गेला नाही की लगेच ओरडतं, पण टेस्टच्या फाइलमध्ये नेमके १३०० रेकॉर्ड, म्हणजे २०,८०० बाइट, त्याला १३ ने (८ + ४ + १) बरोब्बर भाग जातो, मग त्याने गुपचूप १६०० रेकॉर्ड काढून दिले. तीनशे फुकटात.

कारण काय, तर पुढच्या रेकॉर्डचा डबल ८ च्या पटीत सुरू व्हावा म्हणून सीचा कंपायलर शेवटी ३ रिकामे बाइट टाकतो. साइज १६ ची १६ च. पायथन मात्र १३ धरून चाललेला.

माझा राग इथे आहे. सुरुवातीला बाइटच्या क्रमाचं चिन्ह न लावता फॉरमॅट दिला तर मधलं पॅडिंग (असेच रिकामे बाइट) हा स्वतःहून भरतो. आधी कॅर मग इंट दिलं तर ८ सांगतो, तेच उलटं दिलं तर ५! अरे मग भरायचंच तर पूर्ण भर ना.

हे लिहिताना डॉक्युमेंटेशन परत उघडलं तर त्यात स्पष्ट दिलंय, शेवटी शून्य डी लिहा (डी म्हणजे डबल, शून्य म्हणजे एकही नाही), पॅडिंग मिळेल. म्हणजे आठ महिने न वाचल्याची चूक माझी, मान्य, अर्धा राग मागे घेतो. पण शून्य डी कोणाला आपणहून सुचणारे?

आता लिटल एंडियनचं (सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी) चिन्ह लावून शेवटी तीन एक्स (एक एक्स म्हणजे एक रिकामा बाइट) टाकतो, डोळ्याला दिसतं तरी. फक्त तसं केलं की लाँग (आणखी एक पूर्णांकाचा प्रकार) ४ बाइटचा होतो, ६४ बिट लिनक्सवर सीमध्ये तो ८ चा असतो, तिथे जपा. जावावाल्यांनी तर आणखी जपा, त्यांचं बाइट वाचायचं साधन, बाइटबफर, आपणहून बिग एंडियन (बरोब्बर उलटा क्रम) धरतो, इंटमध्ये लिहिलेला १ नंबरचा सेन्सर १,६७,७७,२१६ नंबरचा होऊन बसतो.

काटकसरवाल्याला म्हटलं परत इंट कर बाबा. तर म्हणतो राहू दे, फाइल लहान झालीये. नाही झालेली रे.