जुन्या फोर बाय फोरला एकच गिअर ऑइल की दोन?

मारुतीची जिप्सी घ्या किंवा महिंद्राची एमएम ५४० जीप, इंजिन सोडून गाडीखाली तेलाच्या चार जागा असतात: गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) आणि पुढचं-मागचं डिफ, म्हणजे ॲक्सलवरचं डिफरन्शियल. तेल बदलायला काढलं की पहिला प्रश्न हाच येतो. गिअर ऑइलच्या जीएल-४ आणि जीएल-५ या दोन दर्जांपैकी चारही ठिकाणी जीएल-५ भरून मोकळं व्हायचं, की गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरला जीएल-४ आणि डिफला जीएल-५ असे दोन डबे आणायचे? गाड्या दोन्ही पद्धतींनी वर्षानुवर्षं चालतात. मी दोन डब्यांवर स्थिरावलो आहे.

दुकानात आपण 'नव्वद नंबर' मागतो. पण नव्वद म्हणजे फक्त जाडी. ८०डब्ल्यू-९० हे तेल जीएल-४ मध्येही मिळतं आणि जीएल-५ मध्येही, आणि डब्यावर नव्वद ठळक असतं, जीएल बारीक. त्यामुळे अनेक गाड्यांत आत नक्की काय आहे हे मालकाला सांगता येत नाही. जुनी गाडी नव्याने घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नका, चारही जागा रिकाम्या करूनच सुरुवात करा.

एकाच तेलाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. गॅरेजमध्ये मोठ्या ड्रममधून तेल येतं, पंप एकच, घोळ व्हायला जागा नाही. शिवाय चूक कोणत्या दिशेची, हेही पाहावं. डिफमध्ये चुकून जीएल-४ गेलं तर नुकसान मोठं. तिथला पिनियन (छोटा गिअर) क्राऊनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली किंवा वर सरकवलेला असतो, त्यामुळे दाते फिरताना एकमेकांवर घासत सरकतात. हा दाब पेलायला जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची जादा मात्रा लागते. ती नसेल तर दात्यांवर ओरखडे पडतात आणि लोडवर घुमणारा आवाज सुरू होतो. क्राऊन-पिनियनची जोडी मग बदलावीच लागते. उलट, गिअरबॉक्समध्ये जीएल-५ गेलं म्हणून गाडी रस्त्यात उभी राहत नाही. मिस्त्री तुमच्या डोळ्यांआड काम करणार असेल, तर चारही ठिकाणी जीएल-५ हाच कमी धोक्याचा मार्ग.

मग मी दुसरीकडे का वळलो? तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना होणाऱ्या कचकचीमुळे. करूळ किंवा भुईबावडा घाट चढताना वळणाच्या तोंडाशी दुसरा गिअर पटकन पडायला हवा. जीएल-५ भरलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये तिथेच लिव्हर क्षणभर अडते, कर्र होतं, मग बसते. सिंक्रो रिंगने, म्हणजे गिअरबॉक्समधल्या पितळी कड्याने, समोरच्या गिअरच्या शंकूला घट्ट धरून त्याचा वेग जुळवायचा असतो. तेल तिथे फार निसरडं असेल तर रिंग घसरते आणि दात आधी भिडतात. जीएल-५ पितळ खातं असंही म्हणतात. जुन्या तेलांबाबत त्यात तथ्य होतं. आताची बरीच जीएल-५ तेलं पितळेला सांभाळून बनवलेली असतात, त्यामुळे त्या भीतीला मी फार वजन देणार नाही. पण पकडीचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या हाताला जीएल-४ चा फरक स्पष्ट जाणवतो, विशेषतः थंडीतल्या सकाळी. बदलल्या बदलल्या नाही, जुनं उरलंसुरलं तेल मिसळून जाईपर्यंत थोडं चालवल्यावर.

तेलावर खापर फोडण्याआधी एक तपासणी करा. गाडी उभी, इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून थोडं थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही, तेल बदलून उपयोग नाही. उभ्या गाडीत सगळं शांत आणि चालताना फक्त दुसराच कचकत असेल, तर तेल आणि सिंक्रोकडे वळा. रिंगच झिजली असेल तर जीएल-४ ही काही करू शकत नाही. काढलेल्या तेलात सोनेरी चमक दिसली तर ती पितळेचीच, सिंक्रोचीच समजा.

जिप्सीला गिअरबॉक्सला साधारण १.३ लिटर, ट्रान्स्फरला ०.८, पुढच्या डिफला २ आणि मागच्याला दीड लिटर लागतं. म्हणजे जीएल-४ चे एक-एक लिटरचे तीन डबे आणि जीएल-५ साडेतीन लिटर. एकच तेल घेतलं तर बेरीज ५.६ लिटर होते आणि पाच लिटरचा कॅन नेमका थोडा कमी पडतो. विलीज घराण्यातल्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसमध्ये तेल इकडून तिकडे जातं, तिथे दोन्हीकडे एकच तेल हवं. एकाची पातळी घटली तर दुसरीकडे वाढली का हे आधी पाहा, मग गळती शोधा.

काम करताना गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा आणि सपाट जागी उभी करा. आधी वरचा, भरायचा प्लग सोडवा, खालचा नंतर. वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल आधीच काढलं असेल, तर गाडी जागेवर अडकते. प्लगचा चौकोन गोल झाला असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर नवा करून मिळतो. काही डाना ४४ ॲक्सलना खाली प्लगच नसतो, तिथे मागचं दहा बोल्टचं झाकण काढावं लागतं. प्लगच्या चुंबकावर राखाडी मलम साचणं नेहमीचंच. बोटाला टोचणारे तुकडे मात्र दात किंवा बेअरिंगचे. पिचकारीने नवं तेल भरताना भोकाच्या खालच्या काठावरून ओघळू लागलं की थांबा, ओघळ संपू द्या, मग नवा वायसर घालून प्लग लावा. एकाच पिचकारीने दोन्ही तेलं भरायची असतील तर जीएल-४ आधी. काढलेलं तेल गटारात ओतू नका, जयंती नाल्यातून ते पंचगंगेतच जातं. झाकणाच्या डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

आपल्याकडे तेल खराब करणारी मुख्य गोष्ट पाणी आहे. तापलेलं डिफ बंधाऱ्यावरच्या पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेची ये-जा होण्याची वाट, लाल मातीने बुजला असेल तर ती ओढ सीलमधून पाणी आत घेते. तेल ताकासारखं दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला आणि ब्रीदर फुंकून पाहा. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने पातळ, काळपट ग्रीस ओघळत असेल तर ॲक्सलचं आतलं सील गेलं आहे. डिफचं तेल नकलमध्ये (चाक वळतं त्या सांध्यात) उतरून ग्रीस धुऊन काढतं. डिफमध्ये जाड १४० नंबर भरून गळती मंदावेल, पण सील बदलावंच लागेल.

शहरात आणि हायवेवरच चालणारी, मिस्त्रीकडे सोडून येण्याची गाडी असेल तर एकच जीएल-५ ठेवायला हरकत नसावी. गगनबावडा, आंबा, राधानगरी असं फिरणं असेल आणि स्वतः उभं राहून काम करून घेणार असाल, तर दोन डबे आणा. आणि दोन्ही डिफच्या घरावर, प्लगशेजारी, पांढऱ्या रंगाने '५' आणि तारीख, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरवर '४' आणि तारीख लिहून ठेवा.